हप्ता बिल्डर भरणार, पण कर्ज कोणाच्या नावावर?

जुलै 2018 मधल्या एका सकाळी माझ्या आतेभावाच्या मोबाइलवर मेसेज आला. खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यामुळे 26,917 रुपयांचा हप्ता परत गेला होता. त्याने लगेच मला फोन केला. “दादा, हा मेसेज चुकून आलाय ना? हप्ता तर बिल्डर भरतोय.”

मेसेज चुकून आलेला नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याने तळोज्याच्या बाजूला 50 लाखांचा फ्लॅट ‘20:80’ योजनेत बुक केला होता. 20 टक्के म्हणजे 10 लाख त्याचे, बाकीचे 40 लाख कर्ज. ताबा मिळेपर्यंत कर्जाचं व्याज बिल्डरने भरायचं, असं ठरलं होतं. प्लिंथचं, म्हणजे पायाचं, काम झालं तेव्हाच 40 पैकी 34 लाख बिल्डरच्या खात्यात गेले होते. साडेनऊ टक्क्यांनी त्याचं महिन्याचं व्याज 26,917 रुपये. बिल्डरने ते दोन वर्षं भरलं आणि मग थांबवलं. पुढचा हप्ता गृहवित्त कंपनीने आतेभावाच्या खात्यातून घ्यायला पाठवला, कारण कर्ज त्याच्याच नावावर होतं.

मी ठाण्यात 14 वर्षं गृहकर्जाच्या फायली करतोय. गुंतवणूक म्हणून दुसरं घर घेणारी माणसं माझ्याकडे येतात, आणि जवळपास प्रत्येकाच्या हातात एखादी अशी योजना असते जिच्यात खिशातले पैसे कमी लागतात. काही योजना खरोखर कामाच्या असतात. पण कोणतीही समोर आली की मी एकच प्रश्न विचारतो: ज्याने पैसे भरायचं कबूल केलंय त्याने भरले नाहीत, तर वसुलीसाठी कोणाच्या दारात येणार? खाली जे लिहितोय ते सगळं या एका प्रश्नाभोवतीच फिरतं.

आधी हिशेब नीट बघू, कारण अडचण तिथूनच सुरू होते. समजा ठाण्यात 80 लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 30 लाखांपर्यंतचं कर्ज किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 ते 75 लाखांचं कर्ज 80 टक्क्यांपर्यंत आणि त्यावरचं 75 टक्क्यांपर्यंत देता येतं. म्हणजे इथे जास्तीत जास्त 64 लाख. स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही, तो तुमच्या खिशातून जातो. ठाण्यात स्टॅम्प ड्यूटी सगळे अधिभार धरून 7 टक्के, म्हणजे 5 लाख 60 हजार. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत मिळते. नोंदणी 30 हजार. जीएसटी 5 टक्के, म्हणजे 4 लाख. (भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळाल्यावर बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटला जीएसटी लागत नाही. 45 लाखांपर्यंतच्या आणि 60 चौरस मीटरपर्यंत कार्पेट असलेल्या फ्लॅटला 1 टक्काच लागतो.) स्वतःचे 16 लाख धरून बेरीज 25 लाख 90 हजार होते. कॉस्ट शीटच्या तळाशी बारीक अक्षरात असलेलं पार्किंग, क्लब हाऊस आणि दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स त्यात अजून आलेलेच नाहीत.

लोक ‘20 टक्के भरायचे’ म्हणून 16 लाखांची तयारी करून येतात आणि त्यांना 26 च्या वर लागतात. मधले 10 लाख कुठून आणायचे, या प्रश्नातूनच सगळ्या कल्पक वाटा निघतात.

सगळ्यात सोपी वाट पर्सनल लोनची. ॲपवर चार बटणं दाबली की पैसे खात्यात. 10 लाख, 13 टक्के, 5 वर्षं धरली तर हप्ता सुमारे 22,750. घराच्या 64 लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी सुमारे 55,550. दोन्ही मिळून 78,300. अशा फ्लॅटला पुढे 20 हजार भाडं आलं तरी दरमहा 58 हजार पदरचे घालावे लागतात, आणि ते भाडंही ताबा मिळाल्यावर. शिवाय बँक तुमचं उत्पन्न मोजताना हे पर्सनल लोनही मोजते. म्हणून काही एजंट सांगतात, ‘आधी होम लोन मंजूर करून घ्या, मग पर्सनल लोन उचला.’ बँकेला तेव्हा दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हप्ता तुम्हालाच दिसत राहतो.

दुसरी वाट म्हणजे राहत्या घरावर टॉप-अप किंवा तारण कर्ज. व्याज पर्सनल लोनपेक्षा कमी, मुदत जास्त, आणि नोकरी पक्की असेल तर मी याला सरसकट नाही म्हणत नाही. पण उलव्यातल्या गुंतवणुकीचं गणित चुकलं तर नौपाड्यातलं आईवडिलांचं घर तारण आहे, हे घरातल्या सगळ्यांना, विशेषतः आईवडिलांना, सही करण्याआधी समजलेलं असायला हवं. मी अशा फायलींवर सासऱ्यांच्या सह्या घेतल्या आहेत. त्यांना वाटत होतं की आपण फक्त ‘साक्षीदार’ आहोत.

आता बिल्डरच्या योजनांकडे येऊ. 5:95, 10:90, 20:80, ‘ताबा मिळेपर्यंत ईएमआय नाही’, या सगळ्यांना सबव्हेन्शन म्हणतात. त्यात तिघांचा करार असतो: तुम्ही, बिल्डर आणि कर्ज देणारी संस्था. बिल्डर इतका उदार का होतो, हे कळलं की सगळं उलगडतं. त्याला स्वतःच्या नावावर प्रकल्पासाठी कर्ज उचलायचं तर गृहकर्जापेक्षा बराच जास्त दर पडतो. तेच पैसे तुमच्या नावावरच्या गृहकर्जातून आधीच मिळाले, तर त्याला गृहकर्जाच्या दरात भांडवल मिळतं. तुमचं व्याज भरूनही तो फायद्यात असतो, आणि बऱ्याचदा ते व्याज फ्लॅटच्या भावात आधीच चढवलेलं असतं. खात्री करायची असेल तर त्याच मजल्यावरचा तसाच फ्लॅट बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे पैसे भरून केवढ्याला मिळेल, ते विचारा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ‘मोफत’ ईएमआयची किंमत.

म्हणजे या योजनेत बिल्डर तुमची पत वापरून कर्ज उचलतो. तो चोख असेल, विक्री चांगली चालली असेल, तर काही बिघडत नाही, आणि असे व्यवहार सुरळीत पार पडलेलेही मी पाहिलेत. विक्री मंदावली की त्याचा पहिला थांबणारा खर्च म्हणजे तुमचं व्याज. मग तुमचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरचे गुण, पडतो, दंडाची रक्कम वाढत जाते. बिल्डरने वचन मोडलं, हे कर्ज देणाऱ्याला सांगून काही होत नाही, कारण त्या करारात बहुतेकदा लिहिलेलंच असतं की बिल्डरने भरलं नाही तरी परतफेडीची जबाबदारी कर्जदाराची. आतेभावाच्या करारात ते वाक्य अकराव्या पानावर होतं. त्याच पानावर आणखी एक ओळ होती: व्याज बिल्डर भरेल ते ‘ताबा किंवा 24 महिने, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत’. विक्रीच्या ऑफिसात त्याला ‘ताबा मिळेपर्यंत’ एवढंच सांगितलं होतं.

सरकारी यंत्रणांना हा धोका माहीत नव्हता असं नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की कर्जाचे पैसे बांधकामाच्या टप्प्यांशी जोडून द्या, आधीच एकरकमी देऊ नका. नॅशनल हाउसिंग बँकेने जुलै 2019 मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या सबव्हेन्शन प्रकरणांमधल्या बिल्डर आणि बँकांच्या साटेलोट्याची चौकशी सीबीआयकडे दिली. तरी नाव बदलून योजना येतच राहतात. आता नेहमी दिसणारा प्रकार असा, की 10 टक्के आत्ता आणि बाकी ताब्याच्या वेळी, मध्ये कर्जाची उचल नाही. हा खूपच बरा, कारण तुमच्या नावावर काही चढत नाही. तो खरंच तसा आहे की नाही, एवढंच बघायचं. त्यासाठी बिल्डरला विचारू नका, बँकेच्या मंजुरीपत्रात कर्जाची उचल कधी होणार ते वाचा.

याउलट ‘तुम्ही 30 लाख गुंतवा, ताबा मिळेपर्यंत दरमहा 1 टक्का परतावा’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठावं. तुमचेच पैसे तुम्हाला महिन्याला परत येतात, आणि ते संपले की परतावाही संपतो. तसंच प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी होण्याआधी ‘प्री-लाँच’ म्हणून घेतलेले चेक. नोंदणीशिवाय जाहिरात करायला आणि बुकिंग घ्यायला कायद्याने मनाई आहे, आणि नोंदणी झाल्यावरही करार रजिस्टर होण्याआधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड असणं बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की ताब्याची मूळ तारीख, वाढवून घेतलेली तारीख, प्रकल्पावरचा बोजा आणि चालू खटले दिसतात. दहा मिनिटांचं काम आहे. मला खरोखर वाईट वाटतं की 80 लाखांचा व्यवहार करणारी शिकलेली माणसं ही दहा मिनिटं देत नाहीत.

आपल्याकडचा अगदी खास प्रकार म्हणजे हेवी डिपॉझिट. तो इथे सर्रास चालतो, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. भाडेकरू भाडं देत नाही, किंवा नावापुरतं देतो, आणि त्याऐवजी 8, 10, 12 लाख डिपॉझिट ठेवतो. मुदत संपली की मालकाने पूर्ण रक्कम परत करायची. कोपरखैरण्यातल्या एका मालकाने पहिल्या फ्लॅटवर 12 लाख हेवी डिपॉझिट घेतलं आणि तेच दुसऱ्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटला लावलं. पाहायला गेलं तर बिनव्याजी पैसे. पण पहिल्या फ्लॅटचं भाडं बंद झालं, म्हणजे भाडं सोडलं तेच व्याज. आणि दोन वर्षांनी 12 लाख एकदम परत द्यायचे होते. त्याचा भरवसा पुढच्या भाडेकरूच्या डिपॉझिटवर होता. पुढचा भाडेकरू चार महिने मिळाला नाही. जुना भाडेकरू घर सोडेना, आणि त्यात त्याचं काही चूक नव्हतं. शेवटी मालकाने बायकोचे दागिने ठेवून गोल्ड लोन घेतलं.

भाडेकरूच्या बाजूने धोका याहून मोठा असतो. मालकाने त्या फ्लॅटवर कर्ज घेतलेलं असेल आणि ते थकलं, तर बँक सरफेसी कायद्याखाली फ्लॅटचा ताबा घेऊन लिलाव करू शकते. तेव्हा बँकेचा हक्क आधी येतो, आणि तुमचे 12 लाख मालकाकडून वसूल करायला वेगळं भांडावं लागतं. म्हणून हेवी डिपॉझिट द्यायचंच असेल तर फ्लॅटवर बोजा आहे का ते सेरसाईच्या, म्हणजे तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, वेबसाइटवर आणि सोसायटीत विचारून बघा, पूर्ण रक्कम चेकने किंवा ऑनलाइन द्या, आणि लिव्ह अँड लायसन्स करारात तोच आकडा लिहून करार रजिस्टर करा. महाराष्ट्रात ही नोंदणी बंधनकारक आहे. स्टॅम्प ड्यूटी वाचवायला करारात 50 हजार लिहायचे आणि बाकी ‘समजुतीने’ ठेवायचे, हा उद्योग दोघांनाही महागात पडतो.

मित्रांनी मिळून घेतलेल्या मालमत्तेबद्दल थोडक्यात. चौघांनी पैसे घातले आणि ‘सोयीसाठी’ एकाच्या नावावर फ्लॅट घेतला, तर तो बेनामी व्यवहाराच्या कायद्यात अडकू शकतो आणि मालमत्ता जप्तही होऊ शकते. चौघांची नावं खरेदीखतात हवीत, हिश्श्यासकट. रोखीबद्दल त्याहून थोडक्यात: घराच्या व्यवहारात विकणाऱ्याने 20 हजार किंवा जास्त रोख घेतली तर जेवढी रक्कम घेतली तेवढाच दंड आहे. ‘थोडे ब्लॅकमध्ये द्या, स्टॅम्प ड्यूटी वाचेल’ हा सल्ला ऐकणाऱ्याचं पुढे आणखी एक नुकसान होतं. विकताना त्याची कागदावरची खरेदी किंमत कमी, म्हणून नफा जास्त, आणि कर त्या नफ्यावर. उलटा प्रकारही चालतो, करारात किंमत फुगवून लिहायची म्हणजे ‘100 टक्के लोन’ बसतं. ती बँकेची फसवणूक आहे, आणि मी अशी फाइल हातात घेत नाही.

नवी मुंबईत स्वस्तात मिळणाऱ्या घरांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं, 25 डिसेंबरपासून विमानं उडू लागली. पनवेल, उलवे, द्रोणागिरीकडे पैसा वळला. त्यात गावठाणाला लागून उभ्या राहिलेल्या इमारतींमधले फ्लॅटही आहेत, शेजारच्या सेक्टरपेक्षा निम्म्या भावाने. बँक त्यावर कर्ज देत नाही, म्हणून बिल्डरच हप्त्यांची सोय करून देतो: 5 लाख आत्ता, बाकी 36 महिन्यांत, कागद म्हणून नोटरी केलेला करार आणि कुलमुखत्यारपत्र. खरेदी करणाऱ्याला वाटतं, बँकेची कटकट वाचली. बँकेने नकार दिला, हीच खरं तर तुम्हाला फुकटात मिळालेली तपासणी असते. कुलमुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलंय. 2015 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिघ्यातल्या अनधिकृत इमारतींवर कारवाई झाली, तेव्हा आत राहणाऱ्यांनी आयुष्याची पुंजी घातलेली होती. आणि त्याआधी, 4 एप्रिल 2013 ला शिळफाट्याजवळ बेकायदा बांधली जात असलेली इमारत कोसळून 74 माणसं गेली. अशा घरांत आता राहणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांना परवडेल असं दुसरं घर या शहराने दिलं नाही. पण ज्याला राहायचं नाही, फक्त गुंतवायचंय, त्याने तिथे पैसे घालून त्या धंद्याला हातभार लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

पनवेलच्या पुढे विकले जाणारे ‘फार्म प्लॉट’ याच जातीचे. शेतजमीन महाराष्ट्रात शेतकऱ्यालाच घेता येते. ‘सातबाऱ्यावर सामायिक नाव चढवून देतो, बारा हप्त्यांत पैसे द्या’ म्हणणाऱ्याला विचारा की माझा तुकडा मोजून, हद्द दाखवून, वेगळा करून देणार का.

व्याजदराचा धोका कोणतीही योजना न घेणाऱ्यालाही असतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. ज्याने 2021 मध्ये पावणेसात टक्क्यांनी 50 लाख 20 वर्षांसाठी घेतले, त्याचा हप्ता 38,018 होता. दर सव्वानऊ झाला तेव्हा उरलेल्या साधारण 48 लाखांवर महिन्याचं व्याजच 37,000 झालं. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली की मुद्दल जेमतेम हजार रुपयांनी कमी होतं. अशा वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की स्थिर दरावर जायचं, हा पर्याय ग्राहकाला द्या, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये बँकांना सांगितलं होतं; ऑक्टोबर 2025 पासून त्यातला स्थिर दराचा पर्याय देणं बँकेच्या मर्जीवर आहे. तुमच्या बँकेने विचारलं नसेल तर तुम्ही विचारा. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, म्हणून बोनस आला की तो मुद्दलात भरा.

कल्पक म्हणाव्यात अशा चांगल्या वाटाही आहेत. ओव्हरड्राफ्टसारखं चालणारं गृहकर्ज घेतलं तर शिल्लक पैसे त्याच खात्यात ठेवून व्याज वाचतं आणि गरज पडली की काढता येतात. पुनर्विक्रीच्या घरात विकणारा माणूस घाईत नसेल तर साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) रजिस्टर करून उरलेली रक्कम सहा-आठ महिन्यांत द्यायची मुदत मागता येते, बिनव्याजी. फक्त विकणाऱ्याचं कर्ज बाकी असेल तर तुमचा पहिला मोठा चेक त्याच्या बँकेच्या कर्जखात्यावर काढा, त्याच्या बचत खात्यावर नाही. 50 लाख किंवा जास्त किंमत असेल तर 1 टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचाय, आणि फ्लॅट सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर असेल तर हस्तांतरण शुल्क कोणाकडे, ते साठेखतातच लिहून घ्या.

आणि ज्याला भाड्याच्या उत्पन्नातच रस आहे त्याला 26 लाखांची जुळवाजुळव करायचीही गरज नाही. ऐरोलीतल्या माइंडस्पेसच्या ऑफिस इमारती ज्या रीटमध्ये, म्हणजे भाड्याने दिलेल्या इमारतींच्या ट्रस्टमध्ये, आहेत, तो ऑगस्ट 2020 पासून शेअर बाजारात आहे. 2021 पासून रीटचं एक युनिटही घेता येतं. वाटपायोग्य उत्पन्नाचा किमान 90 टक्के भाग वाटणं रीटला बंधनकारक असतं. भाव खालीवर होतो, घराची भावना त्यात नाही, पण कर्ज नाही आणि ताब्याची वाटही बघावी लागत नाही.

आतेभावाचं काय झालं, हे इथे विचारलं जाईलच. महारेरात त्याने तक्रार केली. ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, आणि आदेश त्याच्या बाजूने लागला. वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकारी कार्यालयात गेलं. ते तिथेच आहे. दरम्यान सिबिल सावरण्यासाठी त्याने थकलेले हप्ते स्वतः भरले, आणि आता दर महिन्याच्या 5 तारखेला त्याच्या पगारातून हप्ता जातो. सातव्या मजल्यावरच्या त्याच्या फ्लॅटला भिंती आहेत, खिडक्या बसायच्या आहेत. गेल्या दिवाळीत तो आत्याला घेऊन तिथे गेला होता. लिफ्ट नाही म्हणून आत्या खालीच गाडीत बसून राहिली.